गोधडीवर कोणती नक्षी, कोणत्या रंगाचा दोरा? वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं एकाच टप्प्यावर अडलेली आहेत. वरचे तुकडे जोडून झाले, भरण आणि अस्तर हाताशी आहे, आता तिन्ही थर एकत्र शिवायचे कसे आणि कशाने? मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत. मापं इंचात आहेत.

प्रश्न: नऊ छोट्या चौकोनांचा एक रंगीत ठोकळा, शेजारी एक साधा पांढरा ठोकळा, अशी मांडणी आहे. रंगीत ठोकळ्यांत गडद निळा, पिवळा, चॉकलेटी असे सगळेच छापील तुकडे आहेत. दोरा कोणत्या रंगाचा घेऊ? प्रत्येक तुकड्यावर बदलायचा का?

प्रत्येक तुकड्यावर दोरा बदललात तर गोधडी शिवण्यापेक्षा टोकं लपवण्यातच जास्त वेळ जाईल. एक किंवा फार तर दोन दोऱ्यांत काम भागतं.

आधी हे ठरवा की लोकांनी कापड बघावं की टाका. तुम्ही एवढे रंग जुळवले आहेत, तेव्हा उत्तर बहुधा कापड असंच असेल. मग दोरा कापडात मुरायला हवा. रीळ कापडावर ठेवून रंग जोखू नका. रिळावर दोऱ्याचे वेढे एकमेकांवर असतात म्हणून रंग गडद भासतो, सुटा एकेरी दोरा त्याहून फिका दिसतो. हातभर दोरा ओढा, जोडलेल्या कापडावर वेडावाकडा पसरा आणि सहा-सात फूट मागे जाऊन बघा. दोन छटांमध्ये अडलात तर गडद घ्या. हे सगळं दिवसाउजेडी करा. पिवळ्या दिव्याखाली पांढरा आणि मोतिया यांतला फरक कळत नाही.

बहुरंगी छापील कापडावर मध्यम करडा किंवा मातकट रंग जवळजवळ सगळीकडे चालतो. इथे रंगापेक्षा फिका-गडदपणा महत्त्वाचा. तीन-चार दोरे पसरून मोबाइलवर एक फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. जो दोरा त्यात शोधावा लागतो, तो तुमचा.

तुमच्या बाबतीत अडचण पांढऱ्या ठोकळ्यांची आहे. मध्यम करडा त्यांच्यावर पेन्सिलीने रेघ मारल्यासारखा दिसेल. निम्मी गोधडी पांढरी आहे, म्हणून अगदी फिका, चंदेरीकडे झुकणारा करडा घ्या. गडद निळ्यावर तो थोडा उठेल, पण छापील नक्षीत टाके हरवतात. निळा साधा असता तर हा सल्ला दिला नसता, कारण साध्या गडद कापडावर फिका टाका ठिपक्यांच्या रांगेसारखा डोळ्यात भरतो. तसं असतं तर दोन दोरे घेऊन आधी सगळे पांढरे ठोकळे, मग सगळे रंगीत, अशी वाटणी करावी लागली असती. आणि मग नक्षीही अशी हवी की टीप एका ठोकळ्यातून दुसऱ्यात जाणार नाही. म्हणून नक्षी कागदावर उतरण्याआधी रीळ विकत घेऊ नये.

दोऱ्याची जाडीही बघा. रिळावरचा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. 50 नंबरचा दोरा लपतो, 40 नंबरचा थोडा उठतो, 28 किंवा 12 नंबरचा मुद्दाम दाखवण्यासाठीच असतो.

प्रश्न: याच प्रकारच्या गोधडीवर मला पिसांची आणि वेलींची नक्षी घालायची आहे. मैत्रीण म्हणते, सरळ चौकड्याच घाल. कोणाचं ऐकू?

कापडाचं ऐका. छापील तुकड्यांवर वेल काढलीत तर ती शिवताना फक्त तुम्हाला दिसेल, नंतर कोणालाच नाही. तीच वेल साध्या ठोकळ्यावर पहिल्या नजरेत दिसते. मेहनतीची नक्षी साध्या जागांसाठी राखून ठेवा आणि छापील भागांवर सोपं काहीतरी घाला.

नऊ चौकोनांच्या ठोकळ्यात तिरक्या चौकड्या फार सोयीच्या पडतात, कारण त्या आखाव्याच लागत नाहीत. प्रत्येक छोटा चौकोन शिवून झाल्यावर 2 इंचांचा असेल, तर त्याच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी टीप घालत जायचं. दोन टिपांमध्ये साधारण 1.4 इंच अंतर आपोआप पडतं. याच रेघा शेजारच्या पांढऱ्या ठोकळ्यात पट्टीने पुढे वाढवल्या की संपूर्ण गोधडीवर जाळी तयार. जोडणीत कुठे कोपरे जुळले नसतील तर मात्र ही जाळी चुगली करते. तिथे कोपऱ्याचा हट्ट न धरता पट्टीच्या रेघेने जा. सरळ गेलेली टीप चुकलेला कोपरा झाकते, कोपऱ्यामागे वळलेली टीप तो दाखवते.

पिसं हवीच असतील तर पांढऱ्या ठोकळ्यात घाला, पण ठोकळ्याच्या शिवणीपासून अर्धा इंच जागा सोडून. नक्षी शिवणीला टेकली की अडकल्यासारखी दिसते. एका 6 इंची ठोकळ्यासाठी 5 इंचांचा आकार पुरे. तुकडे सगळे सरळ रेघांचे असताना गोल वळणाची नक्षी चांगली खुलते. उलट मुळातच गोलाकार किंवा फुलांची जोडणी असेल, तर तिच्यामागे सरळ रेघा ठेवाव्यात.

वरच्या तुकड्यांच्या शिवणीच्या खाचेतूनच टीप घालण्याची पद्धत नवशिक्यांना सुचवली जाते, पण आम्हाला ती नवशिक्यांची वाटत नाही. टीप जरा सरकली की ती वरच्या कापडावर चढते आणि लगेच दिसते. त्यापेक्षा शिवणीपासून पाव इंच आत समांतर टीप घाला. एखादं सूत (इंचाचा आठवा भाग) इकडेतिकडे झालं तरी खपून जातं.

प्रश्न: दोन टिपांमध्ये किती अंतर चालेल? माझ्या एका रजईतला कापूस धुतल्यावर गोळा झाला.

हे अंतर भरण ठरवतं. विकतच्या बॅटिंगच्या, म्हणजे तयार भरणाच्या, पाकिटावर जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते छापलेलं असतं. सुईने ठोकून घट्ट केलेली किंवा पाठीला विणीचा आधार असलेली सुती बॅटिंग 8 ते 10 इंचांपर्यंत धरून राहते. आधार नसलेल्या मऊ सुती बॅटिंगला 2 ते 4 इंचांवर टीप लागते. सुटा कापूस भरला असेल तर त्याहूनही जवळ, कारण त्याचे तंतू एकमेकांत अडकलेले नसतात. पाणी लागलं की ते मोकळ्या जागेत सरकून एका कोपऱ्यात जमतात. तुमच्या रजईत बहुधा हेच झालं. जुन्या सुती चादरींचे थर घातलेत तर गोळा व्हायला काही नसतंच. तिथे टाके थर एकमेकांवर सरकू नयेत म्हणून घालायचे.

छापलेला आकडा ही शेवटची मर्यादा आहे, तेवढंच अंतर ठेवायला हवं असं नाही. रोज अंगावर घ्यायची गोधडी असेल तर 2 ते 3 इंच अंतर आम्हाला योग्य वाटतं. पाव-पाव इंचावर टिपा घातल्या तर नक्षी सुंदर दिसते, पण गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. ती भिंतीवर शोभते, अंगावर लपेटत नाही.

आणखी एक गोष्ट पत्रांमध्ये कोणी विचारलेली नाही, पण बिघडलेल्या गोधड्यांत ती हमखास दिसते. मध्ये दाट नक्षी आणि काठ रिकामा. प्रत्येक टीप कापड किंचित आत ओढते. मधला भाग आक्रसतो, काठ आहे तेवढाच राहतो आणि झालरीसारखा लहरतो. धुऊन किंवा इस्त्री करून ते जात नाही. मध्ये दीड इंचावर टिपा असतील तर काठावरही साधारण तेवढीच दाटी ठेवा, नक्षी वेगळी असली तरी चालेल.

प्रश्न: मशीनवर तिरकी चौकडी घालते, तर एका दिशेच्या टिपा नीट येतात. दुसऱ्या दिशेच्या घालताना चौकोनाचे कोपरे मुरगळतात, मागे अस्तराला चुण्या पडतात.

मशीनचे दाते खालचं अस्तर पुढे ओढतात, तर दाबाचा फूट वरचं कापड मागे रेटतो. तीन थरांत हा फरक साठत जातो आणि आडवी टीप येते तेव्हा साठलेलं कापड चुणीच्या रूपात बाहेर पडतं. त्यात तिरकी टीप म्हणजे कापडाची ताणली जाणारी दिशा. वॉकिंग फूट लावा. तो वरचा थरही दात्यांच्या चालीने पुढे नेतो.

तेवढ्याने भागत नाही. टाचणी फार विरळ असली तर कोणताही फूट वाचवत नाही. अस्तर जमिनीवर किंवा टेबलावर उलटं पसरून कडेने चिकटपट्टीने लावा. ते ताठ हवं, पण ताणलेलं नको. ताणलेलं अस्तर सोडल्यावर परत आखडतं आणि चुण्या तिथूनच सुरू होतात. त्यावर भरण, मग वरचं कापड. सेफ्टी पिना दर 4 इंचांवर, म्हणजे मूठ कुठेही ठेवली तर तिच्याखाली एखादी पिन यायला हवी.

टिपांचा क्रम असा ठेवा. आधी मधोमध एका दिशेची एक टीप आणि दुसऱ्या दिशेची एक. गोधडीचे चार भाग पडले की थर जागेवर बसतात. मग मधल्या टिपेपासून उजवीकडे जात जात कडेपर्यंत, नंतर गोधडी फिरवून दुसरी बाजू. शेजारशेजारच्या टिपा एकाच टोकाकडून सुरू करा. एक वरून खाली आणि पुढची खालून वर घातलीत तर दोन रेघांमधलं कापड विरुद्ध दिशांना ओढलं जातं आणि मध्ये तिरप्या सुरकुत्या उमटतात. टाक्याची लांबी 2.5 ते 3 मिमी ठेवा. साध्या शिलाईचा 2 मिमीचा टाका तीन थरांत बुडतो आणि उसवायची वेळ आली तर रडवतो.

प्रश्न: वर मोतिया दोरा, बॉबिनमध्ये अस्तराशी जुळणारा गडद हिरवा. वरच्या बाजूने हिरवे ठिपके दिसतात.

वरचा ताण जास्त आहे, म्हणून खालचा दोरा भोकातून वर ओढला जातो. ताणाची चकती अर्ध्या-अर्ध्या आकड्याने कमी करत उरलेल्या तीन थरांच्या तुकड्यावर बघा. उलट ठिपके अस्तरावर दिसत असतील तर वरचा ताण वाढवा. दाते खाली करून मोकळ्या हाताने नक्षी घालताना फक्त वळणावरच ठिपके येत असतील, तर दोष ताणाचा नसून वेगाचा आहे. वळणावर हात पळतो, सुई मागे राहते. हात सावकाश, मशीन एकसारखं.

मोतिया आणि गडद हिरवा ही जोडी मात्र कितीही ताण जुळवला तरी कुठेतरी दगा देणार. वर-खाली एकच रंग ठेवा, किंवा निदान दोघांचा फिका-गडदपणा सारखा ठेवा. अस्तर छापील निवडलं तर वरचा दोरा खालीही बिनधास्त चालतो.

प्रश्न: हाताने धावदोरा घालायचा आहे, टाके दिसायला हवेत. कोणता दोरा, कोणती सुई?

टाके दाखवायचे तर 8 नंबरचं पर्ल कॉटन, म्हणजे भरतकामाचा जाड पिळदार सुती दोरा घ्या, थोडं बारीक हवं असेल तर 12 नंबरचं. सुई भरतकामाची, लांब नेढ्याची. नेढं लहान असेल तर दोरा प्रत्येक टाक्याला घासून पिंजतो. जाड दोऱ्याचा टाका मोठाच शोभतो. इंचाला चार-पाच पुरेत, पण वरचा टाका आणि मधली जागा सारखी असायला हवी. बारीक, पारंपरिक टाका हवा असेल तर हाताने क्विल्टिंग करण्याचा मेण-चढवलेला सुती दोरा आणि आखूड बिट्वीन सुई लागते. या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई आखूड. 8 किंवा 9 नंबरने सुरुवात करा. सराव झाल्यावर इंचाला आठ-दहा टाके पडतात. हा मेणाचा दोरा मशीनला लावू नका, त्याचा थर ताणाच्या चकत्यांमध्ये जमतो.

दोरा एका वेळी 18 इंचांहून लांब घेऊ नये. रिळातून आधी निघतं ते टोक सुईत ओवा आणि कापलेल्या टोकाला गाठ मारा, म्हणजे पीळ कमी सुटतो. गाठ कापडाला टेकल्यावर हलका हिसका देऊन ती वरच्या थराच्या आत, भरणात ओढून घ्या. अस्तरावर एकही गाठ दिसू नये.

लहान बाळाची गोधडी असेल तर हे मोठे टाके टाळा. लांब टाक्यात बोटं अडकतात. तिथे इंचाला सात-आठ टाके, बारीक दोरा.

प्रश्न: रंग बदलत जाणारा बहुरंगी दोरा वापरावा का?

साध्या, मध्यम रंगाच्या कापडावर जरूर. छापील कापडावर तो वाया जातो. पांढऱ्यावर त्याचा फिका भाग नाहीसा होतो, गडद भाग उठतो आणि टीप मध्येच तुटल्यासारखी दिसते. घेण्याआधी दोन-तीन हात उलगडून रंग किती लांबीवर बदलतो ते बघा. दर इंच-दीड इंचाला बदलणारा दोरा नुसता चट्टेपट्टे उमटवतो.

प्रश्न: काठावर वेल घातली, पण कोपऱ्यात ती अर्धवट तुटली. हिशोब कसा करायचा?

कोपऱ्याची नक्षी आधी बसवा, मग दोन कोपऱ्यांमधली उरलेली लांबी मोजा. समजा ती 62 इंच आहे आणि वेलीचा एक वेढा 5 इंचांचा. 62 भागिले 5 म्हणजे 12.4. अपूर्णांक ठेवायचा नाही. 12 वेढे घ्या, प्रत्येक वेढा साधारण 5 इंच 1 सूत होईल. सूतभराचा फरक डोळ्याला कळत नाही. आडव्या बाजूची लांबी वेगळी असेल तर तिथे वेगळा भागाकार करा. दोन्ही बाजूंचे वेढे पाव इंचापेक्षा जास्त वेगळे येत असतील तर कोपऱ्याची नक्षी थोडी मोठी-लहान करून जुळवा.

आकडेमोड नको असेल तर काठाएवढी कागदाची पट्टी कापून तिला हव्या तितक्या सारख्या घड्या घाला. प्रत्येक घडीत एक वेढा.

प्रश्न: मधेच दोरा संपला आणि नव्या रिळाची छटा वेगळी निघाली. किती दोरा लागेल ते आधी कसं कळेल?

गोधडीचं क्षेत्रफळ भागिले टिपांमधलं अंतर म्हणजे एका दिशेच्या टिपांची एकूण लांबी. रेघा उभ्या असोत वा तिरक्या, हिशोब हाच. 60 बाय 80 इंचांची गोधडी म्हणजे 4800 चौरस इंच. 2 इंचांवर टिपा घातल्या तर 2400 इंच, म्हणजे 61 मीटर. दोन्ही दिशांची चौकडी असेल तर 122 मीटर. मशीनवर वरचा दोरा टिपेच्या दीडपट धरा, बॉबिनचाही तेवढाच. टोकं आणि उसवणं धरून वर 200 आणि खाली 200 मीटर. बॉबिन आधीच भरून ठेवल्या की लय मोडत नाही.

हातशिलाईला एकच दोरा लागतो, पण ओळी जवळ असतात. याच मापावर अर्ध्या इंचावर एका दिशेने ओळी घातल्या तर 9600 इंच, म्हणजे 244 मीटर. टाक्यांची खालवर चाल धरून सव्वापट, आणि प्रत्येक 18 इंची दोऱ्यामागे तीनेक इंच गाठीत नि सुईत जातात. मिळून 370 मीटरच्या आसपास. 8 नंबरचं पर्ल कॉटन 10 ग्रॅमच्या गुंड्यात साधारण 80 मीटर येतं, म्हणजे पाच गुंडे. सगळे एकदम आणि एकाच रंगाईच्या गटातले घ्या. गटाचा क्रमांक वेष्टनावर असतो.

प्रश्न: आखलेल्या निळ्या रेघा जात नाहीत. शिवाय लाल दोऱ्याचा रंग पांढऱ्यावर उतरेल अशी भीती वाटते.

पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनची रेघ धुण्याआधी इस्त्रीखाली आली तर ती पक्की बसते. आधी साध्या थंड पाण्यात पूर्ण बुडवा, मग साबण, इस्त्री सगळ्यात शेवटी. उष्णतेने नाहीशी होणारी शाई थंडीत परत उमटू शकते आणि गडद कापडावर कधीकधी पांढरट खूण सोडते. गडद कापडावर साबणाच्या पातळ तुकड्याची रेघ सगळ्यात निर्धोक. सरळ रेघांसाठी चिकटपट्टी लावून तिच्या कडेने शिवता येतं, पण ती रात्रभर लावून ठेवू नका, डिंक कापडावर राहतो. कोणतंही साधन आधी उरलेल्या तुकड्यावर आखून, धुऊन बघा.

लाल, गडद निळा आणि काळा दोरा वापरण्याआधी वीतभर तुकडा कोमट पाण्यात भिजवा, पांढऱ्या सुती फडक्यात ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर गुलाबी डाग आला तर तो दोरा पांढऱ्या गोधडीसाठी बाद. रीळ पाण्यात भिजवून रंग काढून टाकण्याचा खटाटोप आम्ही सुचवत नाही. आतल्या वेढ्यांपर्यंत पाणी नीट पोचत नाही आणि दोरा ओला असताना आखडून रिळावर आवळला जातो.